टॉफीच्या डब्यातलं फोनचं बिल

"साडेचार पौंड जास्तीचं मी देणार न्हाय. लिहून ठेव पाहिजे तर."

"मी कशाला लिहू, मावशी? माझी हाय व्हय फोनची कंपनी?"

"मग तोंड का पाडून बसलास? हे घे. अठ्ठेचाळीस पौंड आन् साठ पेन्स. मोज. आन् ही चिठ्ठी टाचणीनं लाव बिलाला."

कॉल्डरिगच्या पोस्टात काचेपलीकडं बसलेल्या कॉलिननं नोटा मोजल्या, चिल्लर मोजली, आणि चिठ्ठी दोन बोटांत धरून थेल्माकडं बघितलं.

"याही बारीला चिठ्ठी?"

"तर! दोनदा धाडली, एकदा तरी उलट उत्तर आलं? न्हाय ना? म्हंजे त्यास्नी पटलंय."

मागं पेन्शनसाठी उभ्या असलेल्या दोघीतिघी खुदकन हसल्या. कॉलिननं पावतीवर शिक्का हाणला. चिठ्ठी त्यानं गल्ल्याकडं सरकवली. थेल्माला घाई होती. शाळेत दोनशे पोरांचे बटाटे उकडायचे होते.

बिल दर तीन महिन्यांनी यायचं, आणि चिठ्ठीत दर खेपेला तेच असायचं. 'मी माझ्या पायांनी येऊन रोख पैसे भरते. पैसे घेण्याचे पैसे मी देणं लागत नाही. सौ. थेल्मा हिंडमार्श.' खाली तारीख. बिलावर जिथं 'बँकेतून परस्पर न भरल्याबद्दल' अशी ओळ छापलेली असे, तिच्यावर ती पट्टी ठेवून पेन्सिलीची सरळ रेघ मारायची. पुढच्या बिलात मागची बाकी म्हणून काही आकडा आला, तर न वाचताच त्याच्यावरही रेघ.

थेल्मा हिंडमार्श म्हणजे एकसष्ट वर्षांची, आडव्या हाडाची, कामाला वाघ अशी बाई. गावातली कोळशाची खाण बंद पडली, नवरा घरी बसला, त्या वर्षापासून ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबत होती. तिच्या चुलीवरच्या फळीवर तीन डबे. टॉफीचा डबा फोनचा, कोकोचा गॅसचा, तंबाखूचा विजेचा. पगार बँकेत झाला की त्याच शुक्रवारी ती जाऊन पैसे काढायची आणि डब्याडब्यांत टाकायची. तिची आई असंच करायची, आणि खाणकामगारांच्या संपात वर्षभर एक दमडी घरात आली नव्हती तेव्हा याच डब्यांनी तिचं घर तगवलं होतं. डबा हलवला की आत किती आहे ते तिला आवाजावरून कळायचं.

आणि एकदा, एकदाच, तिनं बँकेच्या कागदावर सही केली होती.

खाण बंद पडल्यावरची गोष्ट. गॅसवाल्यांचा माणूस दारी येऊन गोड बोलला. सही करा, बाई, आम्हीच परस्पर घेऊ, तुम्हाला हेलपाटा नको. केली सही. मीटर बघायला पुढं कुणी फिरकलं नाही. कचेरीत बसून कुणीतरी अंदाज ठोकला आणि एका दिवसात खात्यातनं तीनशे अकरा पौंड उचलले. त्याच आठवड्यात नवऱ्याची आई गेलेली. मयताचं सगळं करणाऱ्या बुल्मरला दिलेला चेक परत आला. म्हातारा बुल्मर टोपी हातात धरून दारात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काहीतरी घोटाळा झाला असंल, वहिनी." तो ओरडला असता तर परवडलं असतं. गॅसवाल्यांनी चार महिन्यांनी पैसे परत दिले, पण सासूला मातीआड करायचे पैसे थकवणारी बाई म्हणून आपण बुल्मरपुढं उभ्या होतो, हे थेल्माच्या डोक्यातून गेलं नाही. तेव्हापासून पुन्हा फक्त डबे. डबे आणि पोस्ट.

विल्फ तिचा नवरा. सहासष्टीचा, पण छातीत खाणीची धूळ बसलेली. जिना चढायचा तर मध्ये दोनदा थांबायचा. गेल्या हिवाळ्यात थेल्मा कामावर असताना तो न्हाणीत पडला, आणि ती येईपर्यंत तीन तास गार फरशीवर होता. मग नगरपालिकेनं त्याला गळ्यात घालायला एक लाल बटण दिलं. दाबलं की फोनच्या तारेतनं थेट मदतवाल्यांना कळायचं, आणि फोनशेजारच्या डबीतनं बाईचा आवाज यायचा. विल्फ त्याला पदक म्हणायचा. "राणीनं न्हाय दिलं, नगरपालिकेनं दिलं," म्हणून आल्यागेल्याला दाखवायचा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी, थेल्मा कामाला निघायच्या आधी, ते बटण दाबून बघायचं अशी रीत होती. डबीतली बाई म्हणायची, "हिंडमार्शसाहेब, बरं आहे ना?" आणि विल्फ म्हणायचा, "तुझा आवाज आला म्हंजे बरंच की." थेल्मा कोट घालता घालता म्हणायची, "दम लागतोय, तरी चाळे जाईनात."

पोस्टातल्या त्या खेपेनंतर चार आठवड्यांनी असाच सोमवार आला. विल्फनं बटण दाबलं. डबी तीनदा पिक् पिक् करून गप्प बसली.

"जोरानं दाब की."

"दाबलं... म्हातारे. जोरानंच."

तिनं स्वतः दाबलं. पिक् पिक्. मग फोन उचलून कानाला लावला. आत छापील आवाजाची बाई सांगत होती, की या फोनवरून बाहेर बोलणं बंद करण्यात आलं आहे, बाकीबद्दल कंपनीशी संपर्क साधावा.

थेल्मानं फोन खाली ठेवला. किती दिवसांपासनं बंद होता हा? त्यांना फोन यायचा तो लेकीचा, रविवारी. ते इकडनं कुणाला फोन करतच नव्हते. म्हणजे आठवडा असेल, दोन असतील. रोज सकाळी ती याच्या गळ्यात बटण अडकवून बिनघोर निघून गेली होती, आणि बटण निव्वळ शोभेचं.

टॉफीच्या डब्यामागं दोन लाल पट्टीची पाकिटं होती, न फोडलेली. पैसे भरून पावती मिळाली की तिच्या लेखी विषय संपायचा. नंतर येतील ते कागद त्यांचे त्यांना लखलाभ. आता तिनं ती फोडली. वाचली. पुन्हा वाचली.

"काय म्हंत्यात?" विल्फनं विचारलं.

"तू उठू नगंस. त्या खुर्चीतनं हलायचं न्हाय. चहा लागला तरी न्हाय. मी आले."

पोस्ट नुकतं उघडत होतं. तिनं टॉफीचा आणि कोकोचा, दोन्ही डबे काचेपुढं आदळले.

"कॉलिन, त्यास्नी फोन लाव. माझ्या चिठ्ठ्या का वाचल्या न्हाईत म्हणून इचार."

कॉलिनचा चेहरा उतरला. त्यानं गल्ल्याखालचा खण ओढला. रबरबँडाखाली, टाचण्यांसकट, तिन्ही चिठ्ठ्या तिथं पडल्या होत्या.

"मावशी, यंत्रात फकस्त बिलाचा तुकडा जातो. कागद धाडायला वाटच न्हाय. फेकवंना, म्हणून ठेवल्या."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"पहिल्या बारीला सांगत हुतो. तू म्हणालीस, लाव म्हंजे लाव."

हे खरं होतं. थेल्मानं चिठ्ठ्यांकडं बघितलं. अक्षर किती मन लावून काढलं होतं. सात महिने ती एका बंद खणाशी भांडत होती.

कॉलिननं स्वतःच्या फोनवरून कंपनी लावली आणि तिला आत घेतलं. वीस मिनिटं वाजंत्री वाजली, मग एक पोरगी आली. आवाजानं गरीब होती.

"बाकी छत्तीस पौंड आहे, बाई. तीन वेळचे साडेचार, आणि उशिराचा दंड तीन वेळा."

"साडेचारचं छत्तीस! बरं. हे बघ, पैसे माझ्यापुढं डब्यात हाईत. आत्ता पोस्टात भरते. फोन चालू कर."

"पोस्टात भरलेले आमच्याकडे यायला तीन दिवस लागतात. गुरुवारी चालू होईल."

"माझ्या माणसाच्या गळ्यात बटण हाय, पोरी. ते या तारेवर चालतं. ऐकतीस का? तो पडला तर कुणाला कळायचं?"

पलीकडं कळफलक खडखडला. मग पोरगी म्हणाली, "तुम्ही ही बाकी आणि पुढची बिलं बँकेतून परस्पर भरायचं कबूल केलंत, तर मी आत्ताच्या आत्ता चालू करू शकते. दंडही एक कमी करते. मला दुसरं बटणच नाही, बाई, खरंच सांगते."

थेल्मानं खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या चढावर शाळेची चिमणी दिसत होती. तीन दिवस घरी बसावं, तर तीन दिवसांचा पगार कापला जाणार. कामावर जावं, तर विल्फ आणि ती न्हाणीची फरशी. शेजारच्या कुणाला बसवावं, तर सगळे कामावर, आणि जे घरी होते ते विल्फपेक्षा मोडके. साडेचार पौंडांसाठी ती मरेस्तोवर भांडली असती. पण या भांडणात पणाला तिचे पैसे लागलेच नव्हते. विल्फ लागला होता, आणि लावला होता तिनंच.

"कवा नेता? महिन्याच्या कुठल्या दिवशी?"

"दर महिन्याच्या अठ्ठावीसला."

"पगार आमचा शेवटच्या शुक्रवारी असतो. कवा अठ्ठावीसच्या आधी, कवा नंतर."

"तारीख बदलता येत नाही मला. माफ करा."

तिनं पासबुक काढून आकडे वाचून दाखवले. एकेक आकडा सावकाश. कॉलिन पाठ फिरवून उगाचच तिकिटं नीट रचत राहिला.

"फकस्त फोनचं," ती फोन ठेवताना म्हणाली. "गॅस न्हाय, वीज न्हाय. सांगून ठेवते."

"ते माझ्याकडे नसतंच, बाई," पोरगी म्हणाली.

निघताना कॉलिननं चिठ्ठ्या पुढं केल्या. तिनं त्या घेतल्या नाहीत.

घरी आली तेव्हा विल्फ सांगितल्यासारखा खुर्चीतच होता, ओठ जरा निळसर. तिनं कोट न काढता बटण दाबलं. पिक्. मग डबीत खरखर.

"हिंडमार्शसाहेब, बरं आहे ना?"

"तुझीच वाट... बघत हुतो," विल्फ म्हणाला. मग थेल्माचं तोंड बघून चाळा सोडला. "सही दिलीस व्हय?"

"दिली."

"माझ्यापायी."

"तुझ्यापायी न्हायतर काय त्या कॉलिनपायी? चहा वरच्या फडताळात हाय. हळू उठ." ती दाराशी थांबली. "विल्फ, अठ्ठावीसच्या आधी मला आठवण कर. खात्यात पैसे टाकायचे. दर महिन्याला."

"मला काल काय खाल्लं... ते आठवंना."

"तरी कर."

टॉफीचा डबा फळीवर ठेवताना तिनं सवयीनं हलवला. आत जेमतेम चाळीस पौंड होते. आता ते उचलून बँकेत नेऊन टाकायचे, म्हणजे त्यांना काढून घेता येतील. तिनं झाकण घट्ट दाबलं.

शाळेत पोचायला तिला सव्वा तास उशीर झाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ग्वेननं, तिच्या जोडीच्या बाईनं, बटाटे उकडून काढले होते, पण कस्टर्डच्या गाठी झाल्या होत्या.

"कुठं मेली हुतीस? हेडबाई दोनदा येऊन गेली."

"पोस्टात."

"इतका वेळ? साडेचार पौंड सोडलं का न्हाय त्यांनी?"

थेल्मानं एप्रन बांधला. भिंतीवरच्या फळ्यावर आठवड्याचं जेवण लिहिलेलं होतं. त्याच्या कोपऱ्यात तिनं खडूनं 'अठ्ठावीस' लिहिलं आणि भोवती गोल काढला.

"ह्ये काय? त्या दिवशी काय करायचंय?"

"त्या दिवशी काय न्हाय. फकस्त कुणी पुसू नका." तिनं बटाट्यांच्या भल्या मोठ्या पातेल्यात लोणी टाकलं, दूध ओतलं, दोन्ही हातांनी घोटणी धरली आणि घोटायला लागली. "ते कस्टर्ड गाळून घे, ग्वेन. बाराला पोरं येतील."