दार उघडण्याआधी

शेजारच्या काकूंची बेल वाजवली की हल्ली आधी टीव्हीचा आवाज बंद होतो आणि मग दार उघडतं. पूर्वी असं नव्हतं. "बस गं, जाहिरात लागली की चहा टाकते," म्हणत त्या मला सोफ्यावर जागा करून द्यायच्या आणि कालच्या भागात मालिकेतल्या सुनेनं काय केलं ते रंगवून सांगायच्या.

मग एकदा मी तोंड उघडलं. "काकू, जन्मभर शाळेत गणित शिकवलंत, आणि ही असली भंकस बघता?"

त्या हसल्या. "अगं, घरात कुणीतरी बोलत असतं," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

आपल्याला केवढ्या रीती शिकवतात! शेजारची वाटी रिकामी परत करू नये, आल्यागेल्याला पाणी विचारावं, चपला दाराबाहेर काढाव्यात. चपला मी काढल्याच होत्या. मत तेवढं पायात घालून थेट काकूंच्या सोफ्यापर्यंत गेले.

आज त्यांची वाटी परत द्यायला गेले, नारळाच्या वड्या घालून. बेल वाजवली. आत मालिकेतलं कुणीतरी बोलता बोलता मध्येच गप्प झालं. दार उघडलं.

"काकू, त्या सुनेचं पुढे काय झालं हो?"

"कुठली सून? मी नाही बघत आता ते," त्या घाईघाईनं म्हणाल्या.

रिमोट त्यांच्या हातातच होता. माझी नजर गेली तसा त्यांनी तो हळूच पदराआड घेतला. स्वतःच्याच घरात.