मामाची झोप आणि भाऊजींची डबी

त्याला मामा म्हणायचं असं बँडमध्ये कुणी ठरवलं नव्हतं. भाऊजींची मुलं मामा म्हणत, म्हणून भाऊजी म्हणू लागले, मग ड्रमवाला, मग गाणारी, आणि शेवटी मामापेक्षा वयाने चांगला मोठा असलेला हॉलचा वॉचमनसुद्धा. मामाला वाद्याचा गंध नव्हता. त्याच्या टाळ्याही चुकीच्या जागी पडत. पण भाऊजी बेस गिटार वाजवत आणि त्यांचा जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे नुसतं धूड होतं. ते उचलणं हे मामाचं काम. अरुंद दारं, मागचे जिने, सगळीकडून तो ते छातीशी कवटाळून नेई आणि मधे कुणी हात लावला की चिडे.

अ‍ॅम्प जागेवर ठेवला की मामा त्याच्यामागे बसे, त्याला पाठ टेके आणि झोपे. समोर माणसं नाचून घामाघूम होत आणि हा तोंड उघडं टाकून खुशाल घोरे.

"लहानपणी पिठाच्या गिरणीत असाच झोपायचा," ताई, म्हणजे त्याची बहीण आणि भाऊजींची बायको, सांगे. "गिरणी थांबली की भोकाड पसरायचा."

एकदा जिन्यात वळताना मामाच्या पाठीत उसण भरली. तो भिंत आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये असा अडकला की आधी कुणाला सोडवायचं यावर बँडमध्ये मतभेद झाले. डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ मनाई केली. भाऊजींनी त्याच दिवशी जाहीर केलं, "आता हे घरातच राहील. याचा आवाज मी पायाखालच्या पेडलमध्ये उतरवतो."

बोलायला काय जातंय! आवाज फाडणारी पेडलं बाजारात ढिगाने मिळतात, पण ती अ‍ॅम्पच्या पुढच्या भागाची नक्कल करतात. भाऊजींना हवी होती मागच्या भागाची गुरगुर, जो भाग स्पीकरला ढकलतो त्याची. अ‍ॅम्प पूर्ण जोरात लावला की या भागाला धाप लागते. तार छेडावी तर आवाज आधी दबतो, मग छाती फुगवून वर येतो. भाऊजी एरवी मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणारे. त्यांनी एका डबीत बोटाएवढे व्हॉल्व्ह बसवले आणि त्यांना मुद्दाम अपुरी वीज दिली, म्हणजे तेही लवकर दमतील. उपाशी माणसाला जिने चढायला लावण्याचाच प्रकार.

इकडे मामा हिशेब करू लागला. डबी जमली की अ‍ॅम्प गेला आणि अ‍ॅम्प गेला की आपल्याला कोण विचारतंय? डबी काय, ताईसुद्धा पर्समधून नेईल. गाडीतली मागची जागा, कार्यक्रमानंतरचं जेवण, गाणारीचं "मामा आले का?" हे सगळं त्या धुडाच्या जिवावर होतं. आणि नशीब असं की परीक्षक म्हणून भाऊजींनी त्यालाच नेमलं.

"त्या आवाजाला आमच्यापेक्षा जास्त तू चिकटून बसलायस," ते म्हणाले. "जमलं का, तूच सांग."

"नाही जमलं," मामा म्हणाला.

भाऊजींनी पुन्हा डबी उघडली, डाग देताना बोटं भाजून घेतली. मामा म्हणाला, "डबीत माशी कोंडल्यासारखं वाटतंय." पुढच्या वेळी तर भाऊजी नुसतीच वायर उलगडत होते, तरी मामाने मान हलवली, "अंहं. तसं नाही." दुकानात लोकांचे मिक्सर साचत चालले. भाऊजींचा उतरलेला चेहरा पाहून मामाला स्वतःची लाज वाटे, पण तोंडातून खरं काही निघत नसे.

ताईने हे सगळं पाहिलं आणि ती नवऱ्यावरच उखडली. "अहो, त्याला विचारता कशाला? बसवा आणि वाजवा!"

मामाला डबी जोडलेल्या नव्या हलक्या स्पीकरला टेकवून बसवलं. बँड भोवती उभा राहिला. भाऊजींनी डबीवर पाय दिला आणि जाड तार छेडली. आवाज दबला, वर आला आणि मामाच्या पाठीत उतरला. मामाने डोळे ताणले. मांडीला चिमटा काढला. मनात एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस त्रिक... एकोणतीस त्रिक...

जाग आली तेव्हा सगळे वाकून त्याच्याकडे बघत होते. ड्रमवाला हसून हसून खाली बसला होता आणि भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं. "घोरलास!" ते म्हणाले. "अगदी तस्साच घोरलास!"

मामाचा चेहरा पडला. "म्हणजे उद्यापासून मी यायचं नाही ना?"

भाऊजींना आत्ता कुठे सगळ्या 'नाही'चा उलगडा झाला. ते त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.

"वेड्या, या डबीचं बटण दर हॉलमध्ये वेगळं लावावं लागणार. माझे कान गेलेत त्या अ‍ॅम्पपुढे उभं राहून. कुठे लावलं की बरोबर, ते मला तुझ्या घोरण्यावरूनच कळणार. तू नाही आलास तर मी बटण लावू कसा?"

"म्हणजे दरवेळी झोपायचं?"

"दरवेळी. कार्यक्रमाच्या आधी."

मामाने ताईकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती, म्हणजे खरंच होतं.

पुढच्या कार्यक्रमाला डबी मामानेच नेली, दोन्ही हातांत धरून, छातीशी. वॉचमनने कौतुकाने त्याच्यासाठी कुठूनशी उशी आणली होती. मामाने ती परत केली.

"कामाच्या वेळी नको," तो म्हणाला. "आवाज दबतो."