बाराही फेऱ्या
वेल्डिंग करणारे दाजी आणि त्यांचा मेहुणा यांचा टीव्हीवरच्या बॉक्सिंगच्या रात्रीसाठी वीस वर्षांपासून एक करार होता. मुख्य लढत पहाटेपर्यंत सुरूच होत नाही. आधी किरकोळ लढती, गाणी, भाषणं, नुसतं चऱ्हाट. म्हणून एकाने सोफ्यावर झोपायचं, दुसऱ्याने जागायचं आणि वेळेवर उठवायचं. दाजींनी तर एकदा अंगात ताप असताना जागून मेहुण्याला गदागदा हलवून उठवलं होतं.

यंदा झोपायची पाळी दाजींची. जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं आणि मेहुणा निवांत चहा पीत होता.

"उठवलं का नाहीस?"

"तुमची साखरझोप मोडणं जिवावर आलं, दाजी."

पहिल्याच ठोशात आटोपली असेल, अशी दाजींनी मनाची समजूत घातली. "किती फेऱ्या झाल्या?"

"बाराही," मेहुणा म्हणाला. "अशी लढत जन्मात पाहिली नव्हती."