बरणीतला बिननावाचा आणि पद्माक्का

डॉ. पद्मावतीबाईंची, म्हणजे आम्हां सर्वांच्या पद्माक्कांची, पहिली भेट मला अंधारात घडली. नागपूरहून येऊन मी मल्लेश्वरमच्या आमच्या संस्थेत नुकतीच रुजू झाले होते. प्राणिसंग्रहाच्या खोलीला जाड पडदे असतात, कारण उजेडाने बरण्यांतल्या प्राण्यांचे रंग उडतात. दार ढकललं, तर आत कुणीतरी हळू आवाजात म्हणत होतं, "उघडते हं. भिऊ नको." भ्याले मीच. खोलीत अक्का एकट्या होत्या आणि त्यांच्या हातात एक बरणी होती.

अक्कांनी उभं आयुष्य देवगांडुळांच्या अभ्यासात घालवलं. हा प्राणी दिसायला गांडुळासारखा, मोठा असला तर सापासारखा. नात्याने मात्र बेडकाचा भाऊबंद. राहणं ओल्या मातीत, पाय नाहीत, डोळे कातडीखाली झाकलेले. सापाचे पाय गेले, याचेही गेले, म्हणून दोघे एका घरचे ठरत नाहीत, हे अक्का प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतात. कवटी, दात, अंगावरची वळी आणि आता डीएनए, सगळ्यांची साक्ष जुळली तरच त्या नातं मान्य करतात. उदाहरण स्वतःचंच देतात. त्यांचं मराठी घराणं याच शहरातल्या चामराजपेटेत कित्येक पिढ्यांचं. "माझं बोलणं ऐकून तुला मी कन्नडच वाटले की नाही? सरी, बरं तर, आता घरी येऊन बघ स्वल्प," असं म्हणून त्यांनी मला घरी नेलं, आणि भाड्याची खोली मिळेपर्यंत मी तिथेच राहिले. जेवायला उशीर झाला की बोलणी खायची, एवढीच अट होती.

पुढे अक्कांची नजर अधू होऊ लागली. आम्ही हळहळलो; त्या मात्र बोटांनी काम करू लागल्या. एका दुपारी वीज गेली तेव्हा त्या एका जुन्या बरणीतले प्राणी हाताळत होत्या. एकाच डोंगरउतारावरचे, एकाच नावाची चिठ्ठी लावलेले. एकाच्या वळ्यांवरून नख फिरवता फिरवता त्या थांबल्या. "हा ह्यांच्यातला नव्हे ग," त्या म्हणाल्या. काळोखात ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दिवे आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अक्कांचंच खरं होतं.

तो उतार मात्र तोवर रस्त्यासाठी खणला गेला होता. म्हणजे त्याच्या जातीतला कदाचित तो एकटाच उरला असेल, तोही मेलेला. नव्या जातीला एका नमुन्यावरूनही नाव देता येतं. आम्ही म्हटलं, अक्का, तुमचंच नाव देऊ. त्या उसळल्या. "मेलेल्याचं बारसं करतात काय? जिवंत हाताला लागू दे, मग ठेवू नाव. तोवर मी कुठं जात नाही."

त्याची वेगळी बरणी दाराजवळच्या फळीवर आहे. चिठ्ठी समोर येईल अशी आम्ही ती ठेवतो. सकाळी त्याचं तोंड दाराकडे वळलेलं असतं. अक्का हसून म्हणतात, "मीच फिरवते. वाट बघतोय तो." पण त्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होत्या, तेव्हाही बरणी फिरलेली होती. मी ती पुन्हा चिठ्ठी समोर करून ठेवली.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या टेकडीवर आम्हांला एक जिवंत देवगांडूळ सापडलं. ओल्या मातीच्या परातीत अक्कांनी हात घातला. ते त्यांच्या बोटांमधून सरकत राहिलं आणि अक्का श्वास रोखून बसल्या. आम्हीही. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरत होतं की मला ते बघवेना. मग त्यांनी हात काढला. "तो नव्हे. जवळच्या नात्यातला आहे." हायसं वाटून मी परात पटकन बाजूला घेतली.

अक्का दिलेला शब्द पाळतात, हे त्यांच्या सर्व स्नेह्यांना ठाऊक आहे. म्हणूनच हल्ली माती उकरताना त्यांचा तो 'तोवर' मला आठवतो आणि मी वरवरच उकरते. पंचाहत्तरीच्या या मंगल प्रसंगी त्यांना निरामय, उदंड आयुष्य लाभो. तो बिननावाचा जीवही कुठेतरी ओल्या मातीत सुखरूप असो. फक्त आम्हांला तो इतक्यात सापडू नये.