एल्रॉयचा स्प्रूस आणि कुत्र्यावरचा आळ

आर्डिस टॉलेफ्सरूडनं तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर लोकांच्या झाडांत डोकं खुपसायला सुरुवात केली. काउंटीनं भरवलेल्या झाडांच्या रोगांच्या वर्गात शिकून आली, गळ्यात भिंग अडकवलं, आणि तेव्हापासून आमच्या या विस्कॉन्सिनमधल्या गावात कुणाचा स्प्रूस, म्हणजे ते सुईसारख्या पानांचं झाड, जरा तांबूस दिसला की बाई न विचारता अंगणात हजर. नवरा कुरकुरतो, "माझा खोकला दोन महिने ऐकतेयस, त्याला कधी भिंग लावलं नाहीस!"

जूनमध्ये एल्रॉय श्मीगच्या स्प्रूसच्या सुया झडायला लागल्या. पाच वर्षांचं, निळसर, गोजिरं झाड. चीज कारखान्यातून निवृत्त होताना सोबत्यांनी दिलेलं. एल्रॉयनं गुन्हेगार आधीच ठरवून टाकला होता : शेजारी राहणारा मेहुणा नॉर्बर्ट, म्हणजे त्याचा कुत्रा.

"रोज येऊन पाय वर करतो मेला!" एल्रॉय चेनसॉला तेल पाजत म्हणाला. "शनिवारी झाड कापतो आणि बुंधा नॉर्बर्टच्या दारात टाकतो. मग बसू दे त्याला माझ्या बायकोची, त्याच्याच बहिणीची, समजूत काढत."

आर्डिसचे डोळे चमकले. "थांब रे जरा! आधी बघू तर दे."

"बघ. रडू नकोस मात्र."

तिनं फांदीखाली पांढरी कागदी प्लेट धरली आणि फांदीवर चापट मारली. प्लेटवर धूळ पडली, पण एकही ठिपका चालेना. म्हणजे सुयांचा रस शोषणारी कोळी कीड नाही. मग ती झाडाभोवती फिरली. रस्त्याकडची बाजू हिरवीगार, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचंही काम नाही. सुया झडल्या होत्या त्या हिरवळीकडच्याच बाजूला, आणि त्याही थेट तिच्या छातीपर्यंत.

"एल्रॉय, नॉर्बर्टचा कुत्रा केवढा रे?"

"गुडघ्याएवढा."

"मग तो शिडी लावून येतो की काय?"

आर्डिस आता हिरवळ बघत होती. गावात एवढी गुळगुळीत हिरवळ दुसरी नाही, आणि ती तशी का आहे हे सगळ्या गल्लीला पाठ आहे.

"तुझा तो हिरवळीचा फवारा सुरू कर."

"आत्ता? तो संध्याकाळी सहाला लावतो मी. रोज. न चुकता."

"कर म्हणते ना!"

फवारा खडखडला, गर्रकन फिरला, आणि पाण्याची धार सपकन स्प्रूसवर आदळली. नेमकी छातीपर्यंत. तिथून वर एक थेंब नाही! आर्डिस भिजली ते तिला कळलंसुद्धा नाही. टाळी वाजवून ती ओरडली, "सापडला! रोज संध्याकाळी आंघोळ घालतोस आणि रात्रभर ओलं ठेवतोस लेकराला!"

"पाण्यानं कधी झाड मरतं का गं?"

"पाण्यानं नाही, बुरशीनं. ये, वाक." तिनं एक सुई उलटी करून भिंगाखाली धरली. "निरोगी सुईवर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असतात. तुझ्या बघ."

एल्रॉयनं एक डोळा मिटला, श्वास रोखला. "अगं आई गं... काळे! ओळीनं काळे! कुणी पेन्सिलनं काढल्यासारखे!"

"फवारा त्या कोपऱ्यात हलव. झडलेल्या सुया उचल. पुढच्या वसंतात नवी पालवी अर्धी वाढली की तांबं असलेलं बुरशीचं औषध मार, त्याच्या पुढच्या वर्षीही. शेंडा ठणठणीत आहे, झाड जगेल."

"जगेल? नक्की?"

"कापलं नाहीस तर."

एल्रॉयनं फवारा बंद केला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, भिंगाची दोरी आर्डिसच्या गळ्यातून काढून घेतली आणि ती सुई चिमटीत धरून कुंपणाकडे पळत सुटला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस!

"नॉर्बर्ट! अरे नॉर्बर्ट, बाहेर ये! माफीबिफी नंतर मागतो, आधी हे बघ!"

नॉर्बर्ट तोंडात घास घेऊनच बाहेर आला. त्यानं बघितलं, तोही किंचाळला. "माझ्या अंगणातल्या दोन स्प्रूसना झालंय का रे हे? चल, चल!"

दोघे गुडघे टेकून एकेका फांदीखाली शिरले. आर्डिस ओल्या ब्लाउजनं कुंपणापाशी उभी राहून हाका मारत होती, "अरे, माझं भिंग!" पण ऐकतो कोण.