साल न खरवडलेली काठी

माझ्या नवऱ्याने माझ्या पाठीवर गळाची काठी तीनदा मोडली आणि तिन्ही वेळा ती मीच जोडली. हे सांगितलं की आमलीतल्या बायका तोंडाला पदर लावतात. खुशाल लावा. मी बुरुडाची पोर आहे, धुळ्याकडची. सुपं-टोपल्यांत वाढले. मोडका बांबू समोर आला की माझे हात गप्प बसत नाहीत. तो कुणी, कशावर मोडला हे विचारायचं भान राहत नाही. आता लाज वाटते, पण खरं ते खरं.

नवऱ्याला सूत कारखान्यात मशीनवर काम लागलं म्हणून आम्ही सिल्वासात, या आमली वस्तीत आलो. सुट्टीच्या दिवशी तो दुधनीला, धरणाच्या पाण्यावर मासे पकडायला जायचा. तिथे मुंबई-पुण्याचे इंजिनिअर साहेबही यायचे. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना बांबूच्या जुन्या काठ्यांचं भलतंच वेड. कुणाची आजोबांची, कुणी भंगारातून उचललेली. नवरा त्या घरी आणायचा, मी दुरुस्त करायची आणि साहेब शाबासकी त्याला द्यायचे. बोटांत शिरलेली कुसं काढत मी घरी बसायची.

वाकलेली काठी शेगडीवर फिरवत तापवायची, दोन्ही हातांनी दाबून सरळ करायची आणि गार होईपर्यंत सोडायची नाही. मोडलेली असेल तर तुटलेली टोकं समोरासमोर बसवायची, भोवती बांबूच्याच चार कामट्या गोंदाने चिकटवायच्या, वरून रेशमी दोरा घट्ट गुंडाळायचा आणि व्हार्निश मारायचं. पण त्याआधी त्या जागेची चकचकीत साल खरवडून काढायची, कारण सालीवर गोंद धरत नाही. आणि कामट्यांच्या कडा घासायच्या, नाहीतर त्या ब्लेडसारख्या कापतात. हे मला बापाने शाळेत घालण्याआधी शिकवलं होतं.

नवऱ्याची स्वतःची काठी भरीव बांबूची, जुनी आणि जड. मारताना तो ती दोन्ही हातांनी धरायचा आणि ती वरच्या मुठीपाशीच मोडायची. मी काही गरीब गाय नव्हते. एकदा मी त्याला तापल्या उलथन्याचा असा चटका दिला होता की आठवडाभर तो एकाच कुशीवर झोपला. आमचं भांडण सुरू झालं की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

चौथ्यांदा ती काठी आमच्या पोरीच्या हातावर मोडली. दहावीत होती तेव्हा. त्याने जेवताना माझ्या दिशेने ताट भिरकावलं आणि ती म्हणाली, "पप्पा, उचला ते." एवढंच बोलली. त्याने कोपऱ्यातली काठी घेतली. तिने डोकं वाचवायला डावा हात वर केला. काठी मोडल्याचा आवाज मला पाठ होता, पण त्या दिवशी त्यात दुसराही एक आवाज होता, बारीक आणि ओला. मी त्याच्या खांद्याला रक्त येईतो चावले. त्याने मला केसांना धरून भिंतीवर आपटलं. मग रिक्षा, दवाखाना, प्लास्टर. पोरगी जिन्यावरून पडली असं डॉक्टरला मीच सांगितलं. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने दोन्ही तुकडे माझ्यापुढे टाकले. "हाई जोडी ठेव. रविवारले साहेब लोकससंगे जानं शे."

मी जोडायला बसले. पोरगी समोर खाटेवर, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. मी साल खरवडली नाही. गोंद नुसता नावाला लावला. वरून दोरा मात्र असा गुंडाळला की कुणालाही काठी दुकानातून आणल्यासारखी वाटावी. छोटा मासा आला तर जोड टिकेल आणि माणसावर उगारली की काठी तिथल्या तिथे लुळी पडेल, असं माझ्या मनात होतं. कामट्यांच्या कडाही मी घासल्या नाहीत. विसरले म्हणता आलं असतं, पण विसरले नव्हते. मारताना त्याची वरची मूठ कुठे आवळते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

रविवारी उन्हं उतरायच्या आतच तो परत आला. काठी लचकली म्हणून गळाला लागलेला मासा निसटला होता आणि साहेब हसले होते. "काठीमा जीवच ठेवा नही तू!" असं ओरडत त्याने ती माझ्यावर उगारली. मी जागची हलले नाही. काय होणार ते मला माहीत होतं. पण पोरगी उठली आणि आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. दोन्ही हात खाली, तोंड सरळ त्याच्याकडे.

काठी खाली आली आणि जोड सुटला. कडांनी दोरा कापला आणि वरचा तुकडा निसटताना कामट्या त्याच्या आवळलेल्या मुठीतून ओढल्या गेल्या. तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत फाटला. पण वरचा तुकडा मी ठरवल्यासारखा लुळा पडला नाही. तो उडाला आणि पोरीच्या भुवईवर बसला. तिचा डोळा रक्ताने भरला. डोळाच गेला असं मला वाटलं. तो गुरासारखा ओरडत होता.

मग त्याची नजर हातात उरलेल्या बुंध्यावर गेली. जोडाच्या जागी साल तशीच चकचकीत होती. माझं काम त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं, त्याला सांगावं लागलं नाही. तो भिंतीला टेकला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी सुरी घेऊन उभी आहे. "बांध," एवढंच म्हणाला. मी आधी पोरीची भुवई दाबून धरली. या खेपेला डॉक्टरला सगळं खरं सांगितलं, भुवईवर दोन टाके पडताना समोर उभी राहून.

डोळा वाचला. नवरा आता नंदुरबारला भावाकडे असतो. बोटं पूर्ण मिटत नाहीत म्हणे. मला वाईट वाटत नाही.

पोरगी आता नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर काठ्या दुरुस्त करायला बसते. तिचा डावा हात कोपराखाली किंचित वाकडा जुळला. बांबू असता तर शेगडीवर सरळ केला असता. मागच्या महिन्यात एका साहेबांच्या काठीची साल खरवडताना ती सहज बोलून गेली, "मम्मी, तेव्हा तू साल काढली नव्हतीस. मी बघत होते."

माझ्या हातातला दोरा सुटला. "मग मध्ये कशाला आलीस गं?"

"म्हणून तर आले. तुझं काम ना ते. जोड तुटणार म्हणजे पक्का तुटणार, मला लागणारच नाही, असं वाटलं."

ती पुन्हा साल खरवडायला लागली. तिच्या भुवईत एक बारीक पांढरी रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. ती रेघ तिच्या बापाची नाही, माझ्या हातची आहे.