चाकोलीत अडकलेलं बोट

शेजारच्या पोरीची चाकोल्यांची माळ मी चोरली आणि होळीपुढे आपली म्हणून मिरवली. फागुनात वाळत्या शेणाचा वास आला की आमच्या कामठा गावची ती सांज आठवते. शेणाच्या लहान चकत्या, म्हणजे चाकोल्या थापायच्या, मधोमध बोटानं भोक पाडायचं, वाळवून माळ ओवायची आणि होळीला घालायची, हे पोरांचं महिनाभराचं काम. मी तो महिना बोरं खाण्यात घालवला होता. पोरीला माय नव्हती, म्हणजे तिच्या बाजूनं कोणी बोलणार नाही, एवढी अक्कल मात्र मी चालवली. ती रडत माझ्या बाबांना म्हणाली, "काका, माळ माझी आहे जी." बाबा म्हणाले, "ज्यानं भोक पाडलं त्याचंच बोट त्यात बसंल. दोघंही चाकोलीत बोट घाला." तिचं काडीसारखं बोट आरपार गेलं. माझं जाडं बोट अर्ध्यात अडकलं. बाबांनी ओढलं, मी बोंबललो, आणि होळीची पहिली बोंब माझी म्हणून गाव खिदळला. बाबा चाकोली फोडायला निघाले. ते बोट आज म्हातारं झालंय, पण डोळे पुसून ती जे बोलली ते तसंच ताजं आहे: "चाकोली नोका फोडू काका. हातासकट टाका याले होळीत."